जपानी कार्ड वाचायला जपानी यावं लागत नाही

आमची आज्जी दर शनिवारी खानापूर भागातल्या गावाहून बेळगावला बाजाराला यायची. तिला मराठी जेमतेम वाचता यायचं, कन्नड अजिबात नाही. बसच्या पाट्या मात्र कन्नडमध्ये. तरी संध्याकाळी परतताना ती एकदाही चुकीच्या बसमध्ये चढली नाही. पाटीकडे नजर टाकायची आणि म्हणायची, "हीच की आपली." मी एकदा विचारलं, "आज्जी, तुला वाचता येतंय काय?" ती म्हणाली, "सगळं कशाला वाचायचं? पहिलं अक्षर वळखीचं हाय, पाटी लालभडक हाय, आन् कंडक्टर आपला हाय."

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा आठवीतली परीक्षा संपवून घरी आला तेव्हा त्याच्या हातात पोकेमॉन या काल्पनिक प्राण्यांच्या खेळाची सात जपानी कार्डं होती. मित्राच्या काकांनी ओसाकाहून आणलेली. तो हिरमुसला होता. "मामा, एक अक्षर कळत नाही. इंग्लिशवाली बदलून घेऊ काय?" मला आज्जीची आठवण झाली. तिने बस ओळखायला जे केलं तेच या कार्डांचं करायचं असतं. सगळं वाचायचं नाही. कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

मी अकरा वर्षं ऑफसेट छापखान्यात काम केलं आहे, म्हणून या कार्डांकडे मी आधी छपाई म्हणून बघतो आणि मग खेळ म्हणून. आमच्या लहानपणी चिप्सच्या पाकिटात टॅझो मिळायचे, कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डं असायची. ती जमवायचो, हरवायचो. ट्रेडिंग कार्डांचा जगभरचा खेळ त्याहून शिस्तीचा आहे. कार्डं संचात निघतात, प्रत्येक कार्डाला क्रमांक असतो, सीलबंद पाकिटात काय निघेल ते आधी कळत नाही आणि काही कार्डं मुद्दाम कमी छापतात. या प्रकारातला पहिला मोठा खेळ 'मॅजिक' १९९३ साली अमेरिकेत आला. पोकेमॉनची कार्डं २० ऑक्टोबर १९९६ रोजी जपानमध्ये आली आणि इंग्रजीत यायला जानेवारी १९९९ उजाडला. म्हणजे भाच्याला जे 'परक्या भाषेतलं' वाटत होतं ते मूळ होतं आणि तो जे मागत होता ते भाषांतर.

एकाच चित्राचं जपानी कार्ड, इंग्रजी कार्ड, कोरियन कार्ड असं वेगवेगळं का निघतं आणि त्यांच्या किमती वेगळ्या का, हे मी त्याला लग्नपत्रिकेवरून सांगितलं. आमच्याकडे नवरी वडगावची आणि नवरा बैलहोंगलचा असला की पत्रिका दोन भाषांत छापायला येते. गणपती तोच, शालू-शेल्याचे रंग तेच, बॉर्डर तीच. चित्राच्या रंगीत प्लेटा सारख्या, फक्त काळ्या मजकुराची प्लेट बदलायची. मराठी आठशे, कन्नड दोनशे. पाच वर्षांनी कुणी म्हणालं, त्या लग्नाची पत्रिका पाहिजे, तर कन्नड पत्रिका सापडणं अवघड. पण म्हणून ती मौल्यवान झाली काय? ती पाहिजे असणारं माणूस असेल तरच. किती छापली आणि किती जणांना हवी आहे, किमतीची ही दोन टोकं. भाषा या दोन्हींवर परिणाम करते, पण भाषा स्वतः किंमत ठरवत नाही. 'जपानी आहे म्हणजे महाग' किंवा 'इंग्रजी नाही म्हणजे कवडीमोल', ही दोन्ही वाक्यं दुकानात ऐकू आली तर सोडून द्या.

आता कार्ड हातात घ्या. पोकेमॉनचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर. वर डाव्या अंगाला नाव, उजवीकडे कोपऱ्यात जोम सांगणारा आकडा. आकडे आपल्या ओळखीचे, इंग्रजीच असतात. मधे चित्र. त्याखाली हल्ल्याचं नाव, त्याच्या डावीकडे ज्वाला, थेंब, पान, वीज अशी ऊर्जेची रंगीत चिन्हं आणि उजवीकडे नुकसानाचा आकडा. तळाला एका ओळीत तीन गोष्टी: कशापुढे दुबळा, कशापुढे टणक, माघार घ्यायला किती ऊर्जा लागते. जपानीत त्यांना जाकुतेन, तेइकोर्योकु आणि निगेरु म्हणतात, पण शब्द नाही कळले तरी 'गुणिले दोन' आणि 'वजा तीस' हे कुठल्याही भाषेत तसेच दिसतात.

खरा ऐवज सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत आहे. आपल्याकडे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, तेव्हा कन्नड न येणारा शेतकरी काय करतो? सर्व्हे नंबरवर बोट ठेवतो. कार्डाचा सर्व्हे नंबर तळाला असतो. भाच्याच्या एका कार्डावर चौकटीत संचाचा कोड होता, एस-व्ही-दोन-ए, आणि पुढे ०२५/१६५. म्हणजे २०२३ च्या जूनमध्ये जपानमध्ये निघालेला '१५१' नावाचा संच आणि त्यातल्या १६५ पैकी २५ वं कार्ड. इतकं कळलं की ते कुठलं कार्ड, केव्हाचं, हे नक्की झालं. क्रमांकाशेजारी इंग्रजी अक्षरं असतात. सी म्हणजे साधं, यू म्हणजे जरा कमी मिळणारं, आर म्हणजे दुर्मीळ, त्यापुढे डबल आर, एस-आर, एस-ए-आर अशी चढती भाजणी. जुन्या कार्डांवर अक्षरांऐवजी गोल, चौकट आणि तारा असायचा. चित्रकाराचं नावही रोमन लिपीत असतं. मित्सुहिरो अरिता हे नाव दिसलं तर थांबून चित्र बघा, पहिल्या संचातला प्रसिद्ध आगओक्या ड्रॅगन, चारिझार्ड, त्यांनीच काढला.

कधी कधी क्रमांक एकूण संख्येपेक्षा मोठा असतो. भाच्याला ती छपाईची चूक वाटली. चूक नव्हे, संचाच्या मोजणीबाहेरची ही गुपित कार्डं असतात आणि बहुधा तीच जास्त मागणीची. इथेच एक फसगत होते. '१५१' संचातलं त्या ड्रॅगनचं सगळ्यात मागणीचं कार्ड जपानीत २०१/१६५ आहे आणि इंग्रजीत १९९/१६५. चित्र तेच, क्रमांक वेगळा, कारण जपानी संचात एकूण २१० कार्डं आणि इंग्रजीत २०७. म्हणून इंग्रजी क्रमांकावरून जपानी कार्डाचा भाव शोधला तर भलत्याच कार्डाचा भाव मिळतो. संचाचा कोड आणि क्रमांक ही जोडी कधी तोडू नका. तळाला कंपनीच्या हक्काचं साल असतं त्यावरही फार विसंबू नये. ते हक्काचं साल, छपाईचं असेलच असं नाही.

इथवर अक्षर न वाचता काम भागलं. पण मला थांबवेना, कारण जपानी अक्षरांत आपल्या माणसाला मौज वाटावी असं काहीतरी आहे.

कार्डावरची पोकेमॉनची नावं काताकाना नावाच्या सोप्या लिपीत असतात. मूळ खुणा शेहेचाळीस. ही अक्षरं चिनी चिन्हांच्या तुकड्यांतून झाली, आपल्या ब्राह्मीच्या घराण्यातली नव्हेत. पण त्यांचा क्रम ऐका: अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतंय ना? आपली बाराखडीच उभी केल्यासारखं. हा योगायोग नाही. जपानचे बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी आणि संस्कृत उच्चारशास्त्र शिकत. कूकाई हा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला तो ही विद्या घेऊन. त्या अभ्यासातून अक्षरांची ही मांडणी घडली. जिभेच्या मुळापासून ओठांपर्यंत येणारा आपला क, च, ट, त, प हा प्रवास त्या क्रमात अजून दिसतो. 'स'च्या जागी पूर्वी 'च'च्या जवळचा उच्चार होता आणि 'ह'च्या जागी 'प' होता असं मानतात, ते धरलं तर क, च, त, न, प, म, य, र, व असा आपलाच क्रम हाती येतो.

याचा कार्डावर रोख उपयोग आहे. जपानीत अक्षराच्या खांद्यावर दोन छोट्या रेघा दिल्या की क चा ग होतो, त चा द, स चा झ. आपल्या वर्गातला कठोर वर्ण मृदू झाला, एवढंच. फक्त ह ला रेघा दिल्या की ब होतो. वर्गात बसत नाही असं वाटतं, पण तो ह मुळात प होता हे आठवलं की प चा ब, सगळं जागेवर येतं. आणि ह च्या खांद्यावर छोटं वर्तुळ दिलं की जुना प परत येतो. पिकाचू या पोकेमॉनच्या नावाचं पहिलं अक्षर म्हणजे वर्तुळवाली 'हि'. तिसऱ्या जागी 'चि' आणि त्याला चिकटून लहान आकाराचा 'यु', दोन्ही मिळून 'चु'. भाचा कन्नड दुसरी भाषा म्हणून शिकतो, त्याला लगेच कळलं. म्हणाला, "हे ओत्तक्षरच की." कन्नडात जोडाक्षराचा दुसरा वर्ण खाली बारीक लिहितात, जपानीत तो शेजारी बारीक लिहितात. दोन लिप्यांत वाढलेल्या पोराला तिसरी लिपी फार जड जात नाही, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

नावांचे अर्थही मग उलगडतात. इंग्रजीत ज्याला चारमँडर म्हणतात तो जपानीत हितोकागे: 'हि' म्हणजे आग, 'तोकागे' म्हणजे पाल-सरड्याच्या जातीचा प्राणी. स्क्वर्टल जपानीत झेनिगामे, त्यात 'झेनि' म्हणजे जुनं नाणं आणि 'कामे' म्हणजे कासव. तळ्यातल्या कासवाच्या पिल्लाला जपानमध्ये हेच म्हणतात. बल्बासॉर म्हणजे फुशिगिदाने, 'नवलाचं बी'. आणि कोवळ्या, अजून उत्क्रांत न झालेल्या पोकेमॉनच्या कार्डावर इंग्रजीत जिथे 'बेसिक' असतं तिथे जपानीत 'ताने' असतं. म्हणजे बी. इंग्रजी शब्द पायरी सांगतो, जपानी शब्द त्यातून पुढे काय उगवणार ते सांगतो. असल्या गोष्टींसाठी मला मूळ भाषेतलं कार्ड आवडतं.

भावाकडे परत येऊ. मॅजिकचं एक उदाहरण सगळा हिशोब दाखवतं. १९९४ मध्ये त्या खेळाचा एक संच इंग्रजीत पांढऱ्या कडेचा निघाला होता. तोच जर्मन, फ्रेंच आणि इटालियन भाषांत पहिल्यांदा छापला तेव्हा कड काळी ठेवली. संग्राहकांना काळी कड प्यारी, म्हणून त्यातली काही परभाषेतली कार्डं आज इंग्रजीपेक्षा महाग आहेत. पोकेमॉनमध्ये पहिल्या जपानी संचाच्या अगदी पहिल्या छपाईत दुर्मीळतेची खूणच नव्हती. पुढच्या छपाईत आली. ती खूण नसलेली कार्डं आता लोक भिंग घेऊन शोधतात. छापखान्यातल्या माणसाला हे पटकन पटतं: पहिल्या गड्डीत काहीतरी राहून जातं आणि तीच ओळख होते.

टोकाचं उदाहरण पिकाचू इलस्ट्रेटर. १९९७-९८ मध्ये कोरोकोरो या जपानी मासिकाच्या चित्रस्पर्धांच्या विजेत्यांना ३९ कार्डं दिली गेली. चित्र आत्सुको निशिदा यांचं, ज्यांनी पिकाचूचं रूप घडवलं. त्यातलं एक अमेरिकी यूट्यूबर लोगन पॉलने ५२,७५,००० डॉलरला घेतल्याची नोंद गिनेसने २०२२ मध्ये केली. ते कार्ड जपानी आहे. इंग्रजीत निघालंच नाही. पण अशा कार्डाच्या आशेने कुणी पाकिटं फोडू नयेत. नव्या संचांत बहुतेक वेळा उलटं असतं: तेच चित्र जपानीत स्वस्त मिळतं, कारण इंग्रजीचे गिऱ्हाईक जगभर पसरलेले. विद्यार्थ्याने खाऊच्या पैशांतून चांगलं चित्र घ्यायचं तर जपानी किंवा कोरियन कार्ड मला शहाणपणाचं वाटतं.

खेळायचं असेल तर मात्र आधी विचारून घ्या. मॅजिकच्या सगळ्या भाषांतल्या कार्डांची पाठ एकच, त्यामुळे कुठल्याही भाषेचं कार्ड डावात चालतं आणि वाद झाला तर अधिकृत इंग्रजी मजकूर धरतात. पोकेमॉनच्या जपानी कार्डाची पाठ इंग्रजीपेक्षा वेगळी असते आणि अधिकृत स्पर्धेत कुठली भाषा चालेल हे प्रदेशागणिक ठरतं. घरच्या ओसरीवर काहीही चालवा.

विकत घेताना तीन जपानी शब्द उपयोगी पडतात. 'बिहिन' म्हणजे सुस्थितीतलं, 'मिकाइफू' म्हणजे न फोडलेलं आणि 'किझु आरि' म्हणजे ओरखडा आहे. 'ओरिपा' असं लिहिलेलं पाकीट कंपनीचं नसतं. दुकानदाराने सुटी कार्डं स्वतः भरून बनवलेलं असतं, म्हणून पोरांनी त्यापासून लांब राहावं. परदेशातून टपालाने मागवलं तर कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी लागू शकतो, आणि तो नुसत्या कार्डावर नाही, टपालखर्च धरून मोजतात. स्वस्त वाटलेलं कार्ड दारात येईपर्यंत महाग होतं ते असं.

आणि नकली. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः फसलो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी त्या ड्रॅगनचं जपानी कार्ड १,८०० रुपयांना घेतलं. त्याचं जपानी नाव रिझाऽदोन. पाकीट फोडलं, चमक झकास, मन भरून आलं. रात्री निवांत नाव वाचायला घेतलं तर दोन जागी खांद्यावरच्या रेघाच नाहीत. झ चा स राहिला आणि द चा त. माझ्या हातात रिसाऽतोन होता. पैसे परत मिळाले नाहीत. पण ते कार्ड मी ठेवलं आहे, भाच्याला शिकवायला तेच सगळ्यात जास्त कामाला आलं. अक्षरं येत नसलेल्या गिऱ्हाइकासाठी नकली कार्ड बनवणारा अक्षरांवर कष्ट घेत नाही, म्हणून पाच-सहा खुणा ओळखता येणं हेच मोठं कवच.

बाकी तपासणी छापखान्यातली. सराफाकडे असतं तसं दहापट भिंग घ्या. खऱ्या कार्डावर चित्राचे रंग बारीक ठिपक्यांच्या नीट फुलोऱ्यातून बनतात आणि काळी अक्षरं भरीव, कडा धारदार असतात, कारण काळ्याची प्लेट स्वतंत्र असते. नकली बहुधा खऱ्याच्या फोटोवरून काढलेलं, त्यात अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, हललेलं दिसतं. वरच्या दर्जाच्या कार्डांवर बोटाच्या ठशासारखी बारीक उठावदार नक्षी असते, नकली गुळगुळीत. पाठीमागून मोबाइलचा टॉर्च धरा आणि खात्रीच्या साध्या कार्डाशी ताडून बघा, नकलीतून उजेड सहसा जास्त येतो. जत्रेत मिळणारी सोनेरी पत्र्यासारखी कार्डं तर खेळणी आहेत; हौसेने घ्या, पण संग्रहात मोजू नका.

आता आपल्या हवेचं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतींना ओल येते, खानापूर-जांबोटीकडे तर कपडे आठवडाभर वाळत नाहीत. पापड सादळतो तसं कार्डही सादळतं. चमकदार कार्डाच्या दर्शनी बाजूला पन्नीचा थर असतो, तो पाणी घेत नाही. मागचा कागद घेतो आणि फुगतो. मागची बाजू लांबली, पुढची होती तेवढीच राहिली, म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला वाकतं. कोरड्या उन्हाळ्यात कागद आकसला की उलट्या अंगाला. भाच्याच्या सातपैकी दोन कार्डांची आषाढात होडी झाली होती आणि तो त्यांवर इस्त्री फिरवायला निघाला होता. इस्त्री कधी नाही, ऊन दाखवणं नाही. कार्ड पातळ पारदर्शक पिशवीत घालायचं, पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डब्यातल्या हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघायचं. बाजारात स्वस्त आर्द्रतामापक मिळतो. पुड्यांचा मारा करून हवा पार कोरडी केली तर कार्ड दुसऱ्या बाजूला वाकेल. आमची दोन्ही कार्डं अडीच-तीन आठवड्यांत आपोआप सरळ झाली.

पिशवी घेताना वास घ्या. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ती पीव्हीसीची, वर्षानुवर्षं कार्डाला चिकटते आणि खराब करते. पॉलीप्रॉपिलीनची, बिनवासाची घ्यावी. आणि युगिओ या दुसऱ्या जपानी खेळाची कार्डं ५९ बाय ८६ मिलिमीटरची असतात, पोकेमॉनच्या पिशवीत ती डुगडुगतात. माप सांगून मागा.

भाच्याने आता शंभर पानी वही घातली आहे. प्रत्येक कार्डाला एक पान: संचाचा कोड, क्रमांक, चित्रकार, कुणाकडून आलं. वर नाव चार वेळा, जपानी, कन्नड, मराठी, इंग्रजी. काल रात्री जेवताना फोन केला होता त्याने. फुशिगिदानेचं पान लिहीत होता आणि विचारत होता, "मामा, बी ला कन्नडात 'बीज' लिहू की 'बित्त'?"